शालनचा विमानतळ

शालन,

काल ऑफिसचा मेल आला. विमानतळाची नवी इमारत सुरू व्हायची वेळ जवळ आली आहे, वेबसाइटवर तिचा नकाशा हवा, काम कोणाला द्यायचं ते कळवा. मेल वाचला आणि सवयीनं तुला फोन लावला. रिंग वाजायला लागली तरी माझ्या लक्षात आलं नाही. तुझ्या भावानं उचलला. "बोला ताई," म्हणाला. चुकून लावला, म्हटलं. तर तो म्हणाला, "व्हतं असं. परवा मी बी तिलाच लावला हुता, आन माझ्याच खिशात तिचा फोन वाजला."

तुझ्यावर पेपरात चार ओळी आल्या. गाव, शिक्षण, पश्चात आई आणि सैन्यात असलेला भाऊ. सगळं बरोबर होतं, आणि तू त्यात कुठंच नव्हतीस. म्हणून हे लिहायला बसले आहे. माझं लिहिणं तुला कधीच आवडलं नाही. "अनघा, तुझ्या एका वाक्यात तीन माणसं बसतील," असं म्हणायचीस. आज चालवून घे.

आपली ओळख माझ्या आईच्या मोडलेल्या मांडीमुळं झाली. आमच्या सांगलीहून मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात तिला न्यायचं होतं. आदल्या दिवशी मी त्यांची वेबसाइट उघडली, तर तिथं एक नकाशा. रिक्षा कुठं थांबते, चाकाची खुर्ची कुणाकडं मागायची, कुठल्या दारात उंबरा आहे, सगळं होतं. एका लिफ्टवर बोट ठेवलं तर अक्षरं आली: "ही लिफ्ट सावकाश येते. चढवत असेल तर जिन्यानं जा." दवाखान्याच्या वेबसाइटवर मी पहिल्यांदा हसले. दुसऱ्या दिवशी आईला आत नेताना कुणालाही काही विचारावं लागलं नाही. निघताना मी चौकशीच्या खिडकीवर विचारलं, हा नकाशा केला कुणी? ती मुलगी म्हणाली, "साताऱ्याच्या एक बाई आहेत. हितं आठवडाभर नुसत्या हिंडत होत्या. आम्हाला वाटलं, पेशंट हरवलाय त्यांचा."

त्या वेळी माझ्या डोक्यावर एकच काम होतं. विमानतळ चालवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटची जबाबदारी माझी, आणि तिथं लोकांना हाताळता येईल असा टर्मिनलचा नकाशा हवा होता. बोटानं मोठा करायचा, मजले बदलायचे, हवी ती जागा शोधायची. मोठमोठ्या शहरांतल्या कंपन्या येऊन नमुने दाखवून गेल्या होत्या. त्यात इमारत हवेत गरगर फिरायची, छप्पर डब्याच्या झाकणासारखं उघडायचं, आतली दुकानं चमकायची. साहेब खूश. मी विचारायची, "यात बाथरूम कुठं आहे?" तर ती मुलं इमारत आणखी दोनदा फिरवायची.

मी तुला फोन केला. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "मॅडम, मी विमानात एकदाच बसलेय."

"मग?" मी विचारलं.

"मग मीच बरी. कारण भीती अजून लक्षात आहे."

तू आलीस, लॅपटॉप उघडलाच नाहीस. "एक दिवस मला नुसतं उभं राहू दे," म्हणालीस. गळ्यात पास अडकवून दिवसभर दारापाशी, काउंटरपाशी, तपासणीच्या रांगेपाशी उभी राहिलीस. मी मधेच डबा घेऊन आले तर म्हणालीस, "बाजूला हो, त्या आजोबांना बघतेय." संध्याकाळी कॅन्टीनमध्ये चहा घेताना मी माझा मसुदा पुढं ठेवला. काय काय हवं ते त्यात मी नीट लिहिलं होतं. आधी दुकानं, मग खाण्याच्या जागा, मग सवलती, शेवटी इतर सोयी. तू वाचलास आणि घडी घालून बशीखाली ठेवलास.

"आत शिरल्यावर नकाशा कुणीच बघत नाही," तू म्हणालीस. "आत माणूस पुढच्याच्या मागं चालतो. नकाशा बघतात घरी, आदल्या दिवशी, बॅग भरताना. आपण जे करणार आहोत ना, ती तालीम आहे. दुकानं दाखवायची तर दाखव. पण बॅग भरणाऱ्या माणसाला आधी धीर दे."

मी त्याच दिवशी ठरवलं, काम तुलाच द्यायचं. ते साहेबांच्या गळी उतरवायला बराच वेळ गेला, ते तुला मी कधी सांगितलं नाही. तुझ्या कंपनीत तू, एक टेबल आणि साताऱ्याच्या त्या फ्लॅटची गॅलरी एवढंच आहे हे त्यांना कळलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती अजून आठवते.

विट्याच्या हिराक्का आठवतात? त्या गावात घरटी कुणीतरी लांबच्या शहरात सोनं गाळायला गेलेला. हिराक्कांच्या नवऱ्याचं गलाईचं दुकान कोइमतूरला. नवरा वर्षानुवर्षं तिकडं, आणि त्या पहिल्यांदा एकट्या विमानानं निघाल्या होत्या. पहिला नमुना घेऊन आपण त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. त्यांनी कणकेचे हात धुतले, पदराला पुसले, फोन हातात घेतला. चिमटीत नकाशा एवढा मोठा झाला की पडद्यावर एकच भिंत उरली. मग इतका लहान झाला की काहीच उरलं नाही. मग तो उलटा झाला.

"आवं बाई, समदं झकपक हाय," त्या म्हणाल्या, "पर ह्यात मी कुठं हाय?"

मी समजावायला गेले. "अक्का, आत्ता तुम्ही विट्यात आहात. तिथं गेल्यावर एक निळा ठिपका दिसेल..."

"तितं गेल्यावर काय करायचाय ठिपका? तितं मला दिसंलच की."

तू इतकी हसलीस की ठसका लागला, आणि त्यांनाच तुला पाणी द्यावं लागलं. मग परतीची वाट. उसाचे ट्रॅक्टर पुढं चाललेले, रस्ता अडलेला, आणि तू अचानक गाडी कडेला घेतलीस. "अगं, सुरुवातच चुकली आपली," म्हणालीस. "वरून बघतोय आपण. घारीनं बघावं तसं. त्या बाईला गाडीतून उतरव आधी."

मग सगळा नकाशा नव्यानं मांडलास. उघडल्याबरोबर तो विचारायचा, कशानं येणार? बस, रिक्षा, मोटार. उत्तर दिलं की एकच ओळ: "तुम्ही इथं उतरलात." तिथून पुढं पायाखालची वाट, आणि समोर जे दिसणार ते वरच्या बाजूला. वाट वळली की नकाशाही वळायचा. यावरून किती भांडलो आपण! मी म्हणायची, उत्तर दिशा वर असायला हवी, कुठल्याही नकाशात असते, इमारतवाल्यांच्या आराखड्यात तशीच आहे. तू म्हणालीस, "माणसाला उत्तरेला जायचं नसतं, कोइमतूरला जायचं असतं."

हिराक्का निघाल्या त्या दिवशी आपण दोघी पास घेऊन आत उभ्या होतो, लांबून बघत. त्यांनी फोन एकदाही बाहेर काढला नाही. दारावर ओळखपत्र दाखवलं, काउंटरची रांग पकडली, बॅग दिली, आणि तपासणीकडं वळायचं तिथं पाटीकडं न बघता वळल्या. शेताच्या बांधावरून चालावं तशा चालल्या होत्या. तू माझं मनगट इतकं आवळलंस की बांगडी रुतली. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि तू मला दटावत होतीस, "रडू नकोस, बघतील त्या."

आणि मग आपल्याला बाहेर अण्णा दिसले. हिराक्कांचे सासरे, त्यांना सोडायला आलेले. सून आत गेली तरी ते दारातच उभे, काचेला कपाळ लावून. पहारेकरी सांगत होता, बाबा, बाजूला व्हा, वाट अडते. ते म्हणत होते, "व्हतो की. तिला आत जाऊ दे नीट, मग व्हतो." तू धावत बाहेर गेलीस, त्यांचा हात धरलास आणि काचेच्या कडेनं त्यांना चालवत नेलंस, चार ठिकाणी थांबून आत डोकावत. शेवटी एका खांबाच्या पलीकडं अशी जागा सापडली की तिथून तपासणीची रांग सरळ दिसत होती. हिराक्का रांगेत होत्या. अण्णांनी हात वर केला. हिराक्कांना तो दिसला की नाही, माहीत नाही. हात मात्र त्या दिसेनाशा होईपर्यंत वरच होता. मग अण्णा म्हणाले, "चला. आता जेवाय हरकत न्हाई."

ती जागा तू नकाशात घातलीस. त्यापायी काम हातचं जायची वेळ आली.

ती बैठक तुला माझ्याइतकीच पाठ असेल. दुकानांचं खातं सांभाळणारे साहेब म्हणाले, हे टर्मिनलच्या बाहेरचं आहे, तिथं काही विकलं जात नाही, मग दाखवायचं कशाला? आणि दुकानं अशी फिकट का? ती रंगीत हवीत, उघडल्याबरोबर डोळ्यांत भरली पाहिजेत. सुरक्षा विभागाचे अधिकारी म्हणाले, खांबापाशी गर्दी झाली तर जबाबदारी कुणाची? तू शांतपणे म्हणालीस, "गर्दी आत्ताही होते. दारात होते. मी ती खांबापाशी नेतेय." सुरक्षावाले विचारात पडले. दुकानवाले साहेब मात्र हटेनात. तेव्हा तू लॅपटॉप मिटलास आणि म्हणालीस, "मग हा नकाशा माझ्याकडून होणार नाही. दुसऱ्या कुणाला तरी द्या."

मला तुझा अभिमान वाटला आणि तुझा गळा दाबावासाही वाटला. मग मी बोलले. दुकानं रंगीत होतील, पण तपासणी पार केल्यानंतरचीच, कारण त्याआधी कुणाच्याही मनात खरेदी नसते. आणि खांबाची जागा राहील. थोडी घासाघीस झाली, चहा आला, मान्य झालं. त्या जागेचं नाव "अभ्यागत प्रतीक्षा क्षेत्र" ठेवा, असं कुणीतरी सुचवलं. तू लिहिलेलं होतं, "इथपर्यंत सोबत येता येतं." मी म्हटलं, तेच राहील. त्यावर कुणी वाद घातला नाही. तेवढं बळ बहुतेक कुणात उरलं नव्हतं.

परत येताना तू फुगून बसली होतीस. दुकानांना रंग दिला म्हणून. शिरवळला चहाला थांबलो तेव्हा कपाकडं बघत म्हणालीस, "मिटिंगमध्ये लय गोड बोलतेस गं तू. मला राग येतो."

"आणि नकाशा पास होतो," मी म्हटलं.

"म्हणून तर राग येतो." आणि मग हसलीस, आणि माझ्या बशीतलं बिस्कीट उचललंस.

त्या दिवसापासून तू मला मॅडम म्हणायचं सोडलंस, असं मला वाटतं. तू म्हणायचीस, त्याआधीच सोडलं होतं. हाही वाद तसाच राहिला.

नकाशा लोकांसमोर आला. पहिले काही दिवस तक्रारीच आल्या, नेहमी येतात तशा. अमुक फोनवर उघडत नाही, तमुक बटण दिसत नाही. तू एकेक दुरुस्त करत गेलीस. मग एका दुपारी एक मेल आला. नाव नाही, गाव नाही, चांगलं म्हटलेलं नाही, वाईट म्हटलेलं नाही. नुसतं, "आई व्यवस्थित पोचली." मी तो तुला फोनवर वाचून दाखवला. तू पुन्हा वाचायला लावलास.

शालन, चाळिशी ओलांडल्यावर मैत्रीण मिळत नाही, असं मी धरून चालले होते. ऑफिस, आईची औषधं, घर, एवढंच पुढं आहे असं वाटायचं. तू आलीस आणि मला माणसं बघायची सवय लावलीस. आता बँकेत गेले तरी मी बघते, कोण कुठं घुटमळतंय. परवा मिरज स्टेशनवर एका बाईंनी न विचारताच मी त्यांना प्लॅटफॉर्म सांगितला. त्या दचकल्या. "तुमाला कसं कळलं?" म्हणाल्या.

आणि आपला तो मोठा वाद. नकाशावर "आगमन" आणि "प्रस्थान" लिहायचं की "येणारे" आणि "जाणारे". तू म्हणायचीस, "माझ्या आईला विचार, प्रस्थान म्हणजे काय. ती म्हणेल, तुमच्या हापिसातला साहेब असंल." मी म्हणायची, शब्द कितीही अवघड असू दे, पाटीवर जे आहे तेच नकाशावर पाहिजे, नाहीतर घरी शिकून आलेला माणूस तिथं जाऊन "जाणारे" शोधत बसेल. तू म्हणायचीस, मग पाट्या बदला. मी म्हणायची, पाट्या माझ्या हातात नाहीत. तू म्हणायचीस, कुणाच्याच हातात नसतात. असं वर्षानुवर्षं.

तुझ्या आजाराचं तू मला फार उशिरा सांगितलंस. "पोटाचं काहीतरी आहे" यावर कितीतरी दिवस काढलेस. मी रागावले होते, अजूनही आहे. शेवटची भेटायला आले तेव्हा तू गॅलरीत खुर्चीवर बसली होतीस, डोक्याला रुमाल, पायांवर चादर, आणि अजिंक्यताऱ्यावर दुपारचं ऊन. बसमध्ये मी काय काय जुळवलं होतं. तुझ्यामुळं माझं काय काय झालं, ते सगळं सांगायचं होतं. मी बसते न बसते तोच तू म्हणालीस, "नव्या इमारतीचं काम निघालं की 'जाणारे' लिहायचं हं."

मी हो म्हणू शकले असते. त्यात काय जात होतं? पण आजारी माणसाला खोटं सांगतेय, हे तुला तिथल्या तिथं कळलं असतं, आणि मग तू मला माफ केलं नसतंस. मी म्हटलं, "पाटी बदलल्याशिवाय नाही."

तू डोळे मिटलेस. ओठ मात्र हसत होते. "हट्टी आहेस," म्हणालीस. मग झोपलीस. जुळवून आणलेलं सगळं तसंच घेऊन मी सांगलीला परत आले.

आज सकाळी मेलला उत्तर लिहायला घेतलं. नकाशा कुणीही करो, पण मसुदा मी लिहीन, असं कळवलं. त्यात पहिलं वाक्य लिहिलं ते गाडीतून उतरणाऱ्या माणसाचं. खाली आणखी एक मागणी लिहिली, की नव्या इमारतीच्या पाट्यांवर मोठ्या शब्दाखाली साधा शब्दही लिहावा. साहेब म्हणतील, पाट्या तयार आहेत. म्हणू देत. या वेळी गोड बोलायचा विचार नाही. पाट्या बदलल्या तर तू जिंकलीस. नाही बदलल्या तर नकाशावर "प्रस्थान"च राहील, आणि माझं म्हणणं मी सोडलेलं नाही, हे लक्षात ठेव.

एक सांगायचं राहिलं. तेराव्याला जेवणं उरकली, माणसं पांगली, आणि तुझी आई माझ्याशेजारी येऊन बसली. "अनघा, शालन नक्की काय काम करायची गं?" त्यांनी विचारलं. "लोक इचारत्यात. मी म्हंते, कंपूटरवर नकाशे काढती. त्याच्या फुडं मला म्हाईत न्हाई. तिला इचारलं की म्हनायची, आई, तुला एकदा घिऊन जाती. ऱ्हायलं ते."

मी फोनवर नकाशा उघडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, मग जवळ. बोट टेकवायला बिचकत होत्या. "मोडंल का?" नाही मोडत, म्हटलं. मग बोट हळूहळू चालायला लागलं. दारातून आत, रांगेतून पुढं. मधेच थांबून त्यांनी विचारलं, बसायला बाकडी हायत का? आहेत, म्हटलं. प्यायचं पानी? तेही सापडलं, त्यांचं त्यांनाच. तुझा भाऊ मागं येऊन उभा राहिला होता. बऱ्याच वेळानं बोट विमानाच्या दाराशी पोचलं.

"समदं हिनं केलं?"

"सगळं."

त्यांनी फोन वरून खालून, कडेकडेनं न्याहाळला. "आन तिचं नाव कुठं हाय?"

मला सांगायला जड गेलं. "नाव नसतं मावशी अशा कामात. कंपनीचं असतं."

त्यांनी मान हलवली.

"बरंच हाय की," म्हणाल्या. "मान्सं नाव वाचत थांबली असती, तर त्यांचं इमान चुकलं असतं."

आणि त्यांनी पदरानं फोनची काच पुसली, माझ्या हातात दिला, आणि चहा टाकायला उठल्या.